डॅशबोर्डवरचा लाल दिवा, घाटातला जळका वास : गाडीचं दुखणं कसं ओळखायचं?

पांढुर्णा/सौंसर | प्रतिनिधी

सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालं की रामाकोना मागे पडतं आणि पुढे सिल्लेवानीची घाटी लागते. पांढुर्ण्याहून बैतूलकडे गेलं तर मुलताईच्या पठारापर्यंत रस्ता चढतच जातो. नागपूरकडे तोंड केलं की तोच हायवे मोकळा होतो आणि गाडीनं शंभरचा काटा कधी ओलांडला ते समजत नाही. वरून मे महिन्याचं ऊन, जुलै-ऑगस्टमध्ये रपट्यावरून वाहणारं पाणी, आणि संत्र्याच्या हंगामात डिक्कीपासून मागच्या सीटपर्यंत रचलेले क्रेट. गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात 'कठीण परिस्थितीतील वापर' म्हणून जे वेगळं पान असतं, ते आपल्याकडे रोजचंच आहे.

2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. पण गाडीचं मोठं काम निघालं की आजही बहुतेकांना नागपूर नाहीतर छिंदवाडा गाठावं लागतं. म्हणजे गाडी बिघडली की पहिला प्रश्न 'काय बिघडलं' हा नसतोच. 'इथंच थांबू की सावनेरपर्यंत जाऊ' हा असतो. आणि तो निर्णय मिस्त्री घेत नाही, स्टिअरिंगवर बसलेला माणूस घेतो. चार-पाचशे रुपयांचा पार्ट आणि इंजिनचं हजारोंचं काम यात बऱ्याच वेळा फक्त त्या दहा किलोमीटरचं अंतर असतं, जे 'चालून तर राहिली ना' म्हणून आपण काढतो. गाडी दुरुस्त कशी करायची हे इथं सांगायचं नाही, ते मिस्त्र्याचं काम. गाडी काय सांगते ते कसं ऐकायचं आणि कधी थांबायचं, एवढंच.

लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे दाखवा

चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदा लागतात. इंजिन सुरू झालं की ते विझतात. लागले म्हणजे दिवे शाबूत आहेत, विझले म्हणजे त्या-त्या ठिकाणी सध्या तक्रार नाही. रोज दोन सेकंद तिकडं पाहण्याची सवय लावून घ्या, फुकटची तपासणी आहे.

रंगांचा अर्थ जवळपास सगळ्या कंपन्यांत सारखाच. हिरवा-निळा म्हणजे अमुक चालू आहे एवढी माहिती. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. लाल म्हणजे आत्ता थांबा. लालमध्येही दोन दिवे असे आहेत की त्यांच्याशी वाद घालायचा नाही.

पहिला, चिरागासारखा दिसणारा, टोकाशी थेंब टपकणारा. तो ऑइल प्रेशरचा. बरेच जण समजतात की ऑइल थोडं कमी झालं असेल, घरी जाऊन टाकू. तसं नाही. हा दिवा ऑइलची पातळी नाही, दाब सांगतो. दाब नाही म्हणजे इंजिनच्या फिरत्या भागांमध्ये तेलाचा थर नाही, लोखंडावर लोखंड घासतंय. अशा वेळी एक-दोन किलोमीटरही इंजिन जाम करायला पुरतात. गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, सपाट जागी दहा मिनिटं थांबून ऑइलची काडी काढून पाहा. काडीवर वरच्या-खालच्या खुणेच्या मध्ये तेल असेल आणि तरी दिवा जात नसेल, तर पुन्हा सुरू करू नका, टोचनच लावा.

दुसरा, पाण्याच्या लाटांमध्ये उभ्या थर्मामीटरचा, म्हणजे इंजिन गरम झाल्याचा. बऱ्याच छोट्या गाड्यांत आता काटा नसतोच. हाच दिवा निळा असेल तर इंजिन अजून थंड आहे, लाल झाला तर तापलं आहे. सकाळी निळा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, मिनिट-दोन मिनिटांत जातो. पण गाडी गरम झाल्यावरही निळा कायम राहत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकल्याची शंका घ्या. त्यानं इंजिन जळणार नाही, पण पेट्रोल जास्त पिईल.

बॅटरीचा लाल दिवा गाडी चालू असताना लागला, तर सहसा बॅटरी बिघडलेली नसते. ती चार्ज होणं बंद झालेलं असतं, म्हणजे अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट. एसी, म्युझिक, मोबाईलचा चार्जर बंद करा. दिवसाची वेळ असेल तर बॅटरीच्या जोरावर जवळचं गॅरेज गाठता येतं, पण मध्ये गाडी बंद करू नका, पुन्हा लागेलच असं नाही. एक मात्र लक्षात ठेवा. काही इंजिनांत त्याच बेल्टवर वॉटर पंपही फिरतो. बॅटरीच्या दिव्यापाठोपाठ टेंपरेचर चढू लागलं, तर बेल्टच तुटला आहे. तिथंच थांबा.

ब्रेकचा लाल दिवा पाहिला की आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते बघतात, ते बरोबरच. हँडब्रेक खाली असूनही दिवा राहिला तर ब्रेक ऑइल कमी झालं आहे. एकतर पॅड झिजलेत, नाहीतर कुठंतरी गळतंय. घाटीच्या तोंडाशी हा दिवा दिसला तर घाटी उतरायची नाही, कितीही महत्त्वाचं काम असो.

पिवळ्यांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इंजिनच्या आकाराच्या दिव्याचा, म्हणजे 'चेक इंजिन'चा. तो स्थिर जळत असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर दोन-चार दिवसांत दाखवा. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट न लागण्यापासून सेन्सरपर्यंत काहीही असू शकतं. पण तोच दिवा लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर इंजिन मिस करतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं. तो पार्ट महागडा आहे. वेग कमी करा, जवळच्या जागी थांबा. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड वाचतात, तो कोड एका कागदावर लिहून मागा. कोड म्हणजे निदान नव्हे, कुठं शोधायचं त्याचा पत्ता आहे. नुसता कोड पुसून 'झालं साहेब' म्हणणाऱ्याकडं तोच दिवा घेऊन परत जावं लागतं.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांना एक वेगळंच दुखणं आहे. सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. गाडी हायवेवर एका वेगानं चालली की फिल्टर तापून ती काजळी आपोआप जळते. पण गाडी नुसती घर ते बाजार आणि बाजार ते शेत फिरत असेल तर फिल्टर भरतो, पिवळा दिवा लागतो. दिवा नवीनच लागला असेल तर वीसेक मिनिटं हायवेवर न थांबता एकसारख्या वेगानं चालवल्यावर बहुतेक वेळा जातो. तो तसाच दुर्लक्षित ठेवला, तर मग काम खर्चाचं. महिन्यातून दोन-तीनदाच तालुक्याबाहेर जाणाऱ्यानं डिझेल घ्यावी का, याचा हिशेब गाडी घेण्याआधी करायचा असतो.

ऊन आणि पाणी : इंजिन का उकळतं

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास खेळतो. त्यात एसी चालू, पाच माणसं बसलेली आणि चढ. इंजिन गरम होण्याला यापेक्षा चांगली वेळ नाही. पण ते अचानक होत नाही, आधी सूचना देतं. सगळ्यात उपयोगी सूचना म्हणजे एसीची. गाडी चालत असताना एसी गार लागतो, पण फाटकावर किंवा बाजारात उभी राहिली की गरम हवा येते? मग पुढचा पंखा फिरत नसण्याची शक्यता मोठी आहे. लोक एसीत गॅस भरून येतात आणि पैसे वाया जातात, कारण बऱ्याच गाड्यांत तोच पंखा रेडिएटरलाही हवा देतो. एसीची तक्रार म्हणून ज्याकडे पाहता, ती उद्याच्या इंजिन तापण्याची पहिली बातमी असते. एसी सुरू करून, बोनेट उघडून, हात लांब ठेवून पंखा फिरतो का एवढं पाहायला मिस्त्री लागत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो. म्हणून कूलंट टाकायचं तर डिस्टिल्ड वॉटरमध्येच, साधारण अर्धं-अर्धं, किंवा तयार मिसळलेलं मिळतं ते. रस्त्यात अडचण म्हणून बाटलीतलं साधं पाणी टाकलं तर गुन्हा नाही, पण नंतर सगळं काढून कूलंट भरून घ्या. कूलंटच्या डब्याची पातळी महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना बघा. डबा वारंवार कमी होत असेल तर पाणी हवेत उडत नाही, कुठंतरी जातंय.

काटा चढला किंवा लाल दिवा लागला तर एसी बंद करा. थांबायला जागा मिळेपर्यंत हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल करा, काचा उघडा. मे महिन्यात हे ऐकून हसू येईल, पण हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच, तो इंजिनची उष्णता बाहेर काढतो. मग बाजूला घ्या, इंजिन बंद करा. आणि रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे झाकण दाब धरून ठेवतं. त्या दाबामुळं आतलं पाणी 100 अंशांना उकळत नाही, 120 अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि सगळं पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर, हातावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा रबरी पाईप हाताला लागू शकेल इतका थंड झाल्यावरच, जाड फडकं ठेवून, हळूहळू. तापलेल्या इंजिनवर बाहेरून थंड पाणी ओतणं हाही आपल्याकडचा आवडता उद्योग. त्यानं धातूला तडा जाऊ शकतो.

इंजिन एकदा चांगलं तापलं असेल तर नंतर दोन गोष्टी बघा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ, लस्सीसारखा थर दिसतो का, आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येतो का. दोन्हीपैकी काहीही असेल तर हेड गॅसकेट गेल्याची शंका घ्यावी. थंडीत सकाळी निघणारी पांढरी वाफ वेगळी, ती पाच-दहा मिनिटांत थांबते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. डिझेलमध्ये आधी एअर फिल्टर पाहायला सांगा, आपल्या धुळीच्या रस्त्यांवर तो पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर भरतो.

घाटी उतरताना

सिल्लेवानीत चढताना गाडी तापते, उतरताना ब्रेक तापतात. चढातला त्रास पैशाचा आहे, उताराचा जिवाचा.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडायची, काही जण तर इंजिनच बंद करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. माझं शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळं हा हिशेब मला नेहमी टोचतो, कारण तो चुकीचा आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना तुम्ही एक्सिलेटरवरून पाय काढला की इंजिनाला इंधन देणंच थांबवतात. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं पेट्रोल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत नाही, खर्च आहे. आणि इंजिन बंद केलं तर ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम दोन-तीनदा पाय दाबल्यावर संपतो, पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टिअरिंग जड होतं. काही गाड्यांत चावी काढली की स्टिअरिंग लॉकही बसतं. वळणावर हे झालं तर पुढचं सांगायला नको.

जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम साधा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत चेपून ठेवू नका, थोडा जोरात लावा, वेग कमी करा, सोडा, थंड होऊ द्या. जळका वास आला, पेडल मऊ लागून खाली जाऊ लागलं, तर ब्रेक तापलेत. गिअर खाली घ्या, सुरक्षित जागा पाहून थांबा आणि वीस-पंचवीस मिनिटं थंड होऊ द्या. चाकावर पाणी मारू नका. पेडल मऊ होण्यामागं बऱ्याच वेळा जुनं ब्रेक ऑइल असतं. ते हवेतला ओलावा शोषतं, ओलावा वाढला की लवकर उकळतं, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दाबला तरी दाब चाकापर्यंत पोहोचत नाही. बहुतेक गाड्यांत ते दोन वर्षांनी बदलायचं असतं. सर्व्हिसिंगच्या बिलात मी ही ओळ फार कमी वेळा पाहिली आहे.

ब्रेकचे आवाजही ओळखा. बारीक चींऽऽ असा आवाज म्हणजे पॅड संपत आल्याची सूचना, काही पॅडमध्ये त्यासाठीच पत्री बसवलेली असते. खरखर, घर्रऽ असा आवाज म्हणजे पॅड संपला, आता डिस्क घासतेय. पहिल्या आवाजाला गेलात तर पॅडचे पैसे, दुसऱ्याला गेलात तर पॅड अधिक डिस्क. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपर अडकला असण्याची शक्यता आहे, पण आधी दोन्ही बाजूंची हवा तपासा.

वासावरून सांगायचं तर क्लच प्लेटचा जळका वासही घाटातच येतो, चढावर. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणं हे त्याचं कारण. चौथ्या गिअरमध्ये एक्सिलेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी उचलत नाही, असं झालं तर क्लच संपत आला. क्रेट भरायच्या आधी बदलून घ्या.

हवा कमी करू नका

उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवायची, ही समजूत पांढुर्ण्यापासून वरूडपर्यंत सगळीकडं आहे आणि ती उलटी आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकण्यानं उष्णता वाढते, आणि शंभरच्या वेगात नागपूर रोडवर तोच टायर फुटतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगवेगळा लिहिलेला असतो. तेवढीच हवा, टायर थंड असताना. क्रेट भरले तर भरलेल्या गाडीचा आकडा. स्टेपनीतही.

टायरचं वय त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. अंडाकृती चौकटीतले चार आकडे पाहा. 2319 असेल तर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसते पण बाजूला बारीक भेगा आहेत, असे टायर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत फार दिसतात. बाजूला फुगवटा आला असेल तर त्याला इलाज नाही, बदला. 80-90 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर व्हील बॅलन्सिंग, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला जात असेल तर अलाइनमेंट. दोन्ही वेगळी कामं आहेत, बिलात दोन्ही लावताना काय तक्रार होती ते आठवा.

रपट्यावरचं पाणी

जाम किंवा कान्हान भरून वाहत असेल तेव्हा रपट्यावर गाडी घालू नये, हे प्रशासन दरवर्षी सांगतं, पण 'समोरची गेली ना' म्हणून मागची जाते. जोरात वाहणारं फूटभर पाणीही छोट्या कारची पकड सोडवू शकतं. आणि खाली रपटा शाबूत आहे का ते वरून दिसत नाही.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. हे वाक्य घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला सांगून ठेवा. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल, तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी हवेसारखं दबत नाही. सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. यात पैशाचाही एक खड्डा आहे. साध्या विमा पॉलिसीत अशा 'परिणामी नुकसानी'ला सहसा भरपाई मिळत नाही, आणि बुडालेलं इंजिन सुरू करून झालेलं नुकसान कंपन्या त्यातच धरतात. 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं वेगळं ॲड-ऑन असतं, त्यातही पुन्हा सेल्फ मारल्याबद्दलच्या अटी असू शकतात. पॉलिसीचा कागद पावसाळ्याआधी काढून वाचा, हप्ता किती एवढंच पाहून ठेवून देऊ नका. गाडी ढकलून बाहेर काढा, टोचन लावा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा. पाण्यातून नीट बाहेर निघालात तर थोडं अंतर हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहा, ओले पॅड लगेच धरत नाहीत.

सकाळी गाडी लागत नाही

इथं कान लावून ऐकलं की निम्मं निदान होतं. चावी फिरवल्यावर टक-टक-टक आवाज आणि दिवे मंद, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पावडर असेल तर कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा टाकून धुवा, घट्ट करा, पुष्कळदा तेवढ्यानं होतं. सेल्फ झपाझप फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी ठीक आहे, इंधन, स्पार्क किंवा चावीच्या चिपचा प्रश्न आहे. अजिबात आवाज नाही पण दिवे झगझगीत, तर सेल्फ किंवा त्याची वायर.

बॅटरी साधारण तीन-चार वर्षं टिकते. तिला मारतो उन्हाळा, मरण दिसतं डिसेंबरच्या सकाळी. धक्का मारून सुरू करणं जुन्या मॅन्युअल गाडीला चालून जातं, ऑटोमॅटिकला चालत नाही. जम्पर केबल लावताना लाल प्लसला प्लस, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या बॅटरीवर नाही, इंजिनच्या उघड्या धातूवर लावा. ठिणगी पडली तरी बॅटरीपासून लांब पडते.

पेट्रोल भरलं आणि झटके सुरू झाले

जून 2025 मध्ये रतलामला मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या 19 गाड्या एकाच पंपावर डिझेल भरल्यावर बंद पडल्या होत्या. डिझेलमध्ये पाणी निघालं, पंप सील झाला. सामान्य माणसाच्या बाबतीत एवढी धावपळ होत नाही, म्हणून पुरावा आपणच ठेवायचा. इंधन भरल्यावर पाच-दहा किलोमीटरच्या आत गाडी झटके द्यायला लागली, पिकअप गेला, बंद पडली, तर आधी इंधनावर शंका घ्या. बिल जपा, गॅरेजमध्ये टाकीतलं इंधन पारदर्शक बाटलीत काढायला सांगा. डिझेलमध्ये पाणी असेल तर खाली वेगळं बसतं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. पावसाळ्यात महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी म्हणून फार रिकामी ठेवू नये.

ॲव्हरेज कमी झाल्याची तक्रार सगळीकडं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळं थोडी घट होणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही, ई-10 साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींमध्ये ई-20 नं 6 ते 7 टक्के घट धरली होती. म्हणजे 18 देणारी गाडी 17 च्या खाली-वर आली तर ते इंधनाचं. पण 18 ची 13 झाली असेल तर इथेनॉलवर ढकलू नका, ब्रेक चिकटून आहेत का, हवा कमी आहे का, ऑक्सिजन सेन्सर गेला का, ते पाहून घ्या. 2023 पूर्वीच्या गाडीचे इंधनाचे रबरी पाईप सर्व्हिसिंगच्या वेळी तपासायला सांगा, चिकट किंवा भेगाळलेले असतील तर बदला. पेट्रोलचा वास येत असेल तर त्याच दिवशी.

खालचा डाग, वळताना कट-कट

सकाळी गाडीखाली डाग दिसला तर रंग पाहा, शक्यतो जुना पुठ्ठा टाकून ठेवा. स्वच्छ पाणी, तेही एसी चालवल्यावर, तर काही नाही. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी म्हणजे कूलंट. काळं-तपकिरी इंजिन ऑइल. लालसर असेल तर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरचं. चाकाजवळ फिकट पिवळं, बुळबुळीत असेल तर ब्रेक ऑइल, आणि मग गाडी जागची हलवू नका.

पूर्ण स्टिअरिंग कापून वळताना कट-कट आवाज एक्सलच्या जॉइंटचा. खराब रस्त्यावर खडखड बहुधा लिंक रॉड किंवा बुशचा. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ बेरिंगची किंवा झिजलेल्या टायरची. वळणावर तिचा सूर बदलत असेल तर बेरिंगच असण्याची शक्यता जास्त.

मिस्त्र्याकडं जाल तेव्हा 'आवाज येते' एवढंच सांगू नका. थंड असताना येतो की गरम झाल्यावर, कोणत्या वेगाला, ब्रेक लावल्यावर की वळताना, एसी चालू असताना की बंद असतानाही, कधीपासून. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून न्या, कारण गॅरेजच्या दारात गेल्यावर आवाज हमखास बंद होतो. तुम्ही 'क्लच प्लेट टाका' सांगितलं तर तो टाकून देईल, बिल तुमचं. तक्रार सांगा, पार्टचं नाव त्याला सांगू द्या. काम सुरू होण्याआधी अंदाज लिहून घ्या आणि जुना पार्ट परत मागा.

नागपूरहून सेकंडहँड गाडी आणणाऱ्यांचं प्रमाण आपल्याकडं बरंच आहे. त्यांनी चावी फिरवून आधी तोच लाल चिराग लागतो का ते पाहावं. तो लागतच नसेल तर दिवा विझलेला नाही, कुणीतरी काढलेला असू शकतो. गाडी थंड असतानाच सुरू करून दाखवायला सांगा, आधीच गरम करून ठेवलेली गाडी बरंच काही लपवते. एनओसी घ्या. दुसऱ्या राज्याची गाडी आपल्याकडं 12 महिन्यांहून जास्त राहणार असेल तर नोंदणी इथली करावी लागते.

हायवेवर अडकलात तर राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक 1033, तातडीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108. गाडी रस्त्याच्या शक्य तितक्या कडेला, पार्किंग लाईट चालू, तिकोनी पाटी मागे पन्नासेक पावलं. माणसं गाडीत नाहीत, रस्त्याच्या कठड्यापलीकडे थांबू द्या. गाडीमागे दगड रचून ठेवले असतील तर निघताना ते उचलायला विसरू नका, रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते दिसत नाहीत.